समुद्रातलं अभयारण्य कुणाच्या भरवशावर?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं. त्यांच्या व्यासपीठावर उभं राहून बोलताना मतांआधी वस्तुस्थिती सांगितली पाहिजे, असं मी समजतो. म्हणून सुरुवात एका सरकारी अधिसूचनेपासून करतो.

१९८७च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारनं मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून घोषित केला. आपल्या राज्याचं हे पहिलं सागरी अभयारण्य. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक धरून ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा, बाकीचं सगळं बफर. किल्ल्याच्या पायथ्याशी प्रवाळ आहेत, खडकांवर शेवाळ आणि शिंपल्यांची दाटी आहे, आणि या सगळ्याच्या आधारानं माशांची पिल्लं वाढतात. हे जपलंच पाहिजे. पण किल्ल्याच्या तटावर उभं राहून पाहिलं तर अभयारण्याची हद्द नजरेच्या टप्प्यात संपते, आणि ज्या प्राण्यांविषयी मी आज बोलणार आहे ते त्या हद्दीत मावत नाहीत.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ज्याला गादा म्हणतात तो डॉल्फिन आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पाठीवर जाडसर मदार, तिच्यावर लहानसा पर, रंग शिशासारखा. इंग्रजीत त्याला हंपबॅक डॉल्फिन म्हणतात. तो खोल समुद्राचा रहिवासी नाही. वीस-पंचवीस मीटर खोलीच्या आतल्या पाण्यात, खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यालगत तो आयुष्य काढतो. कर्लीच्या खाडीचं तोंड, देवबागची बाजू, निवतीचे खडक हा त्याचा संसार. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत अशीच चिंचोळी पट्टी हे त्याचं घर, आणि नेमकी हीच पट्टी माणसालाही हवी असते: जाळं टाकायला, बंदर बांधायला, सांडपाणी सोडायला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं त्याला संकटग्रस्त ठरवलं आहे, ते उगाच नव्हे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. गर्भारपण दहा-बारा महिन्यांचं, आणि दोन पिल्लांत साधारण तीन वर्षांचं अंतर. बांगड्याचा हंगाम बुडाला तर दोन वर्षांनी तो भरून येऊ शकतो. गाद्याच्या एका कळपातल्या दोन माद्या गेल्या, तर ती खोट भरून यायला माणसाची एक पिढी जाते.

याच पाण्यात बिनपंखी पॉर्पॉइज आहे. तो लाजरा, बोटीची चाहूल लागताच बुडी मारणारा, म्हणून फारसा कुणाच्या नजरेला पडत नाही. थोडं बाहेर गेलं की ब्रायडीज देवमासा. बारा-चौदा मीटर लांबीचा हा प्राणी बाराही महिने उष्ण समुद्रातच राहतो आणि तारलीसारख्या लहान माशांच्या थव्यांवर जगतो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानं गेल्या दशकात सिंधुदुर्गात जो सागरी जैवविविधता प्रकल्प चालला, त्यात तरुण संशोधकांच्या एका गटानं चिकाटीनं या प्राण्यांच्या नोंदी घेतल्या. २०१५मध्ये त्यांना या जिल्ह्याच्या समुद्रात निळा देवमासाही दिसला. पृथ्वीवर आजवर जन्मलेल्या प्राण्यांत सर्वांत मोठा असलेला जीव देवगड-मालवणच्या समोरून जातो, ही गोष्ट त्याआधी इथल्या किती शाळांत सांगितली जात होती? आजही किती शाळांत सांगितली जाते?

अरबी समुद्रातल्या कुबड्या देवमाशाची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे. जगभरातले कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात खातात आणि विणीसाठी उष्ण समुद्रात येतात. हजारो किलोमीटरची ही ये-जा दरवर्षी चालते. अरबी समुद्रातले कुबडे मात्र कुठेच जात नाहीत. त्यांना जायची गरज पडत नाही, कारण आपला नैर्ऋत्य मोसमी वारा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी ढकलून नेतो, त्याच्या जागी तळाचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर मासळी पोसते. आपल्याकडे होड्या शाकारून ठेवायला लावणारा पावसाळा पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांचं ताट वाढून ठेवतो. वीण इथे, खाणं इथे, मरण इथे. जनुकीय अभ्यास सांगतो, की सुमारे ७० हजार वर्षांपासून हा गट इतर कुबड्यांपासून वेगळा पडलेला आहे. ओमानच्या पाण्यात शेपटीच्या छायाचित्रांवरून जी मोजदाद झाली, तिच्यातून निघालेला अंदाज होता ८२ प्राण्यांचा. हजारांत नव्हे, ब्याऐंशी.

त्यांच्यातली एक मादी, लुबान. नोव्हेंबर २०१७मध्ये ओमानमधल्या संशोधकांनी मसिराच्या आखातात तिच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र लावलं. सगळ्यांची अपेक्षा होती की ती किनाऱ्यालगतच फिरेल. डिसेंबरात ती सरळ पूर्वेला निघाली, अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत गेली आणि पुढच्या महिन्यांत पुन्हा ओमानला परतली. तोवर आपल्या किनाऱ्यावर कुबड्यांचं गाणं पाण्याखालच्या ध्वनिमुद्रणात ऐकू आलं होतं, अधूनमधून मेलेलं एखादं धूड वाहून आलं होतं. पण ओमानचा आणि आपला देवमासा एकच आहे, हे लुबाननं दाखवून दिलं. तिच्या त्या एका फेरीपुढे मालवणचे २९ चौरस किलोमीटर ठेवून पाहा.

यावर कुणी म्हणेल, मग अभयारण्यच मोठं करा. तसंही झालेलं आहे. १९७९ साली सेशेल्स या चिमुकल्या देशानं आंतरराष्ट्रीय देवमासेमारी आयोगापुढे प्रस्ताव मांडला आणि आयोगानं ५५ अंश दक्षिण अक्षांशापर्यंतचा सगळा हिंदी महासागर देवमाशांचं अभयारण्य म्हणून घोषित केला. आपला अख्खा पश्चिम किनारा त्यात येतो. ज्या देशाकडे ना मोठं आरमार ना मोठी तिजोरी, त्यानं महासागरभर शिकार थांबवण्याचा ठराव संमत करून घेतला, याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या ठरावाला रक्तरंजित पार्श्वभूमी होती. १९६५-६६मध्ये, मुख्यतः १९६६च्या नोव्हेंबरात, सोव्हिएत ताफ्यांनी अरबी समुद्रात बेकायदा २४२ कुबडे देवमासे मारले. त्याच दशकाच्या मध्यात उत्तर हिंदी महासागरात बाराशेहून अधिक निळे देवमासे मारले गेले. ही माहिती तीस वर्षं दडवलेली होती. त्या ताफ्यांबरोबर गेलेले जीवशास्त्रज्ञ युरी मिखालेव्ह यांनी ती १९९०च्या दशकात उघड केली. मारलेल्या प्राण्यांच्या पोटातलं अन्न आणि माद्यांच्या पोटातले गर्भ पाहूनच कळलं होतं, की हे कुबडे इथेच खातात आणि इथेच वितात. ज्या कत्तलीनं त्यांची संख्या ढासळली, तिच्याच नोंदींतून त्यांचं वेगळेपण विज्ञानाला समजलं.

१९७९च्या ठरावानं भाला थांबला. भाला मोठ्या जहाजावर असतो, जहाजाचा मालक ठाऊक असतो, त्याच्या सरकारला जाब विचारता येतो. जाळ्याचं तसं नाही. हिंदी महासागरातल्या ट्यूनासाठी लावल्या जाणाऱ्या जाळ्यांवर २०२०मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार १९५० ते २०१८ या काळात या जाळ्यांत ४१ लाख लहान देवमासे आणि डॉल्फिन सापडले, आणि अलीकडे हे प्रमाण वर्षाला सुमारे ८० हजार आहे. हे सगळं घोषित अभयारण्याच्या आत, कुणाचीही शिकारीची इच्छा नसताना.

हे कसं घडतं, ते नीट पाहू. तंगूस म्हणजे नायलॉनचा पातळ, पाण्यात न दिसणारा धागा. त्याचं जाळं. वरच्या दोरीला बुये, खालच्या दोरीला वजनं. संध्याकाळी सोडायचं, रात्रभर ते पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. डॉल्फिन आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरची वस्तू ओळखतो, पण या धाग्याकडून प्रतिध्वनी फार क्षीण येतो. त्यातून जाळ्यात अडकलेली मासळी तडफडत असते, तिचा आवाज त्याला ओढतो. तोंडाची चोच किंवा छातीचा पर जाळ्याच्या एका आसात, म्हणजे छिद्रात, शिरतो. तो गर्रकन वळतो आणि वळल्यानं आणखी गुंततो. गाद्याला आपल्यासारखी फुप्फुसं आहेत, काही मिनिटांत वर येऊन श्वास घेतलाच पाहिजे. जाळं त्याला वर येऊ देत नाही. पहाटे खलाशी जाळं ओढायला लागतात तेव्हा दोरी नेहमीपेक्षा जड लागते.

आता त्या होडीत काय होतं ते माझ्या विषयाच्या गाभ्याशी आहे. जाळं फाटलेलं असतं. ते कर्ज काढून घेतलेलं असतं. मेलेला गादा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे वाघाच्या बरोबरीचा. किनाऱ्यावर आणला तर वन विभाग, पंचनामा, जबाब, कदाचित पोलीस. मच्छीमार करतो ते कुणीही करेल: जाळं कापून धूड पाण्यात सोडतो आणि गप्प बसतो. त्यातलं एखादं वाहत किनाऱ्याला लागतं, वर्तमानपत्रात चार ओळी येतात, वाळूत खड्डा खणून ते पुरलं जातं. किती मेले, कुठे मेले, कोणत्या आसाच्या जाळ्यात, किती खोलीवर, कोणत्या महिन्यात, हे सगळं ज्या एका माणसाला ठाऊक आहे त्याला आपण बोलायची सोय ठेवलेली नाही. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, की ज्या क्षणी जाळं वर येतं त्या क्षणी होडीतला माणूस काय करतो, यावर या प्राण्यांचं जगणं अवलंबून आहे. अभयारण्याचा कायदा, पैसा आणि माणसं त्या क्षणाभोवती उभी केली पाहिजेत.

मालवणात हे सुरुवातीपासून उलटं झालं. अधिसूचना निघाली तेव्हा तिथल्या मच्छीमारांना विश्वासात घेतलं गेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली त्या पाण्यावर आता आपला हक्क राहणार की नाही, ही त्यांची भीती रास्त होती. विरोध झाला, आणि तो आजतागायत पुरता शमलेला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की मच्छीमार निसर्गाच्या आड येतो. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं. याच मालवणचे पारंपरिक मच्छीमार गेली कितीतरी वर्षं, थवाच्या थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध, परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलरविरुद्ध, एलईडीच्या झोतात होणाऱ्या मासेमारीविरुद्ध रस्त्यावर उतरत आहेत. २०१६मध्ये राज्यानं पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७मध्ये केंद्रानं एलईडी मासेमारीवर बंदी घातली, २०२१मध्ये राज्याच्या मासेमारी कायद्यातला दंड वाढला. या प्रत्येकामागे त्यांचा रेटा होता. तारली आणि बांगड्याचे थवे टिकले तर रापण टिकते, आणि त्याच थव्यांवर गादा आणि ब्रायडीज देवमासा जगतो. दोघांचं पोट एकाच मासळीवर आहे. अभयारण्याचे खरे कैवारी ज्यांच्यातून मिळाले असते, त्यांनाच आपण पहिल्या दिवशी आरोपी केलं.

गादा जाळ्यातला मासा पळवतो, जाळं फाडतो, ही तक्रारही खरी आहे. ती खोटी पाडण्यात वेळ घालवू नये. नुकसान होतं, आणि ते गरीब माणसाचं होतं.

या बाबतीत महाराष्ट्रानं एक चांगलं पाऊल उचललेलं आहे, ते सांगितलं पाहिजे. डिसेंबर २०१८पासून राज्याच्या कांदळवन कक्षानं मत्स्यव्यवसाय विभागाच्या सोबतीनं एक योजना चालवली आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी, मग ते कासव असो, व्हेल शार्क असो की डॉल्फिन, मच्छीमारानं जाळं कापून जिवंत सोडला, तर फाटलेल्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून मोबाइलवरचं चित्रण द्यायचं. या योजनेखाली पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक प्राणी सुटले. (व्हेल शार्क हा देवमासा नव्हे, कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा आहे, वर्तमानपत्रांत हा घोटाळा नेहमी होतो.) ज्या माणसाकडे आजवर नोटीस घेऊन जाणारं सरकार धनादेश घेऊन गेलं, हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

पण कासव आणि व्हेल शार्क जाळ्यात बराच वेळ जिवंत राहू शकतात; गादा राहू शकत नाही. त्याच्या बाबतीत भरपाईची वेळ येण्याआधीच सगळं संपलेलं असतं. म्हणून जाळं टाकण्याची पद्धतच बदलावी लागेल, आणि तशी ती बदलता येते याचा दाखला आपल्याच समुद्रात आहे. कराचीच्या ट्यूना पकडणाऱ्या मच्छीमारांनी जाळं पाण्याच्या पृष्ठभागाला न लावता सुमारे दोन मीटर खाली सोडून पाहिलं. होडीवरच्याच माणसांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. डॉल्फिन सापडण्याचं प्रमाण तीन-चतुर्थांशाहूनही जास्त घटलं. ट्यूनाची पकड त्या मानानं घसरली नाही. कोणतंही महागडं यंत्र लागलं नाही, बुये बांधायची दोरी लांब केली एवढंच. हीच युक्ती मालवणच्या उथळ पाण्यात जशीच्या तशी चालेल असं मी म्हणत नाही. किनाऱ्याच्या गाद्यासाठी वेगळा उपाय लागेल: कदाचित खाडीच्या मुखाशी ठरावीक महिन्यांत रात्रीचं जाळं न लावणं, कदाचित जाळ्याजवळ जागता पहारा. तो कोणता, हे देवबाग, निवती आणि आचऱ्याच्या माणसांबरोबर बसून, त्यांच्या होड्यांतून जाऊनच ठरेल.

त्यासाठी माझी एक ठाम मागणी आहे. अपघातानं जाळ्यात मेलेला डॉल्फिन जो मच्छीमार स्वतःहून कळवील, त्याच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही, असा स्पष्ट लेखी आदेश सरकारनं काढावा, आणि तो प्रत्येक बंदरावर मराठीत लावावा. मुद्दाम मारणाऱ्याला कायद्याची कडक शिक्षा व्हावी. पण अपघात कळवणाऱ्याला निर्धास्तपणा मिळाल्याशिवाय खरे आकडे येणार नाहीत, आणि आकड्यांवाचून उपाय आंधळा राहील. यात आता मच्छीमाराचाही स्वार्थ आहे. अमेरिकेनं आपल्या सागरी सस्तन प्राणी कायद्याखाली नियम केला आहे, की मासळी विकू पाहणाऱ्या देशांनी जाळ्यांत मरणाऱ्या या प्राण्यांचा हिशेब दाखवावा. आपली कोळंबी आणि मासळी तिकडे जाते. आज ना उद्या हा हिशेब देशाला द्यावाच लागणार, तर तो खरा असू दे.

किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी अजून सांगायच्या आहेत. पहिली, पर्यटनाची. तारकर्ली-देवबागला, आणि तिकडे गोव्यात सिकेरीला, सकाळी डॉल्फिन दाखवायला होड्या निघतात. या धंद्यानं मच्छीमारांच्या मुलांना चार पैसे मिळतात आणि गादा जिवंत राहण्यात गावाचा फायदा आहे हे उघड दिसतं. मी या धंद्याच्या बाजूचा आहे. पण पाठीवर पर दिसला की चारी बाजूंनी इंजिनं गरजत होड्या त्याच्यावर झेपावतात, आत बसलेले लोक ‘अजून जवळ, अजून जवळ’ म्हणून ओरडतात, हे मी पाहिलेलं आहे. आवाजानं वाट शोधणाऱ्या प्राण्याभोवती सहा इंजिनं सुरू झाली की त्याला आई कुठे आणि पिल्लू कुठे हेही कळेनासं होतं. जगभर पाळले जाणारे नेम साधे आहेत: पन्नास मीटरच्या आत जायचं नाही, समोरून वाट अडवायची नाही, आई-पिल्लाच्या मधून होडी घालायची नाही, थोडा वेळ पाहून परतायचं. मोठ्या जहाजांचंही असंच आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला दोंद्राच्या टोकालगत निळ्या देवमाशांच्या चरण्याच्या जागेतूनच जहाजांचा मार्ग जात होता. २०२२मध्ये एमएससी या जगातल्या मोठ्या मालवाहू कंपनीनं आपली जहाजं सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. एवढी मोठी जहाजं वाट वाकडी करू शकतात, तर देवबागची होडीही करू शकते.

दुसरी गोष्ट, देवमाशाच्या तथाकथित उलटीची. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा हा पदार्थ सुगंधी द्रव्यांत वापरला जातो, आणि गेल्या काही वर्षांत रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो कोट्यवधींना विकायला निघालेल्या टोळ्या वरचेवर पकडल्या जातात. कोकणातल्या तरुणांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तो जवळ बाळगणंही आपल्या देशात गुन्हा आहे. वाळूत सापडला तर हात न लावता वन विभागाला कळवा.

शेवटी गणपतीपुळ्याविषयी. नोव्हेंबर २०२३मध्ये तिथल्या पुळणीवर देवमाशाचं एक पिल्लू जिवंत येऊन लागलं. पिल्लू म्हणायचं, पण काही टनांचं. गावकरी, वन विभागाची माणसं, जीवरक्षक, पर्यटक रात्रंदिवस राबले. भरतीच्या वेळा साधून, दोर लावून, बोटींनी ओढून त्यांनी ते खोल पाण्यात नेलं. ते वाचलं नाही. आईपासून तुटलेलं, दूध पिणारं पिल्लू एकटं जगणं अवघडच होतं. पण २०१५ साली रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा जिवंत लागला होता, तेव्हा काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं. गणपतीपुळ्याला लोक ओली फडकी अंगावर घालत होते, बादल्यांनी पाणी मारत होते. आठ वर्षांत किनारा एवढं शिकला.

अजून शिकायचं ते असं, आणि इथे बसलेल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. किनाऱ्यावर देवमासा किंवा गादा जिवंत आढळला तर शेपटी किंवा पर धरून ओढू नका, त्यानं सांधे निखळतात. अंग ओलं ठेवा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रावर फडकं घालू नका आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. गर्दी आणि कुत्री लांब ठेवा, त्याच्या पाठीवर चढून छायाचित्रं काढू देऊ नका. महाराष्ट्र वन विभागाची मदतवाहिनी आहे, १९२६. घरी जाण्याआधी हा क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवा, आणि पुढच्या सुट्टीत मालवणला गेलात तर होडीत बसतानाच नाखव्याला सांगा: दादा, लांबूनच दाखवा, पैसे पूर्ण देतो.